तळाची ओंजळ

शून्य लिहायची वेळ आली की चांगुणाकाकीला तहान लागायची. लॅपटॉपवरचा हात उचलून ती कोपऱ्यातल्या माठाकडं जायची, तांब्याभर पाणी सावकाश प्यायची आणि परत येऊन शिल्लक मालाच्या चौकोनात शून्याच्या जागी एक लिहायची. सुरुवातीला मला वाटलं, बाईला उन्हाचा त्रास होत असेल. तीनचार वेळा हेच घडल्यावर कळलं की उन्हाचा काही संबंध नाही.

मी आसनगावची. इंटरनेटवरची दुकानं बांधणं हा माझा धंदा. गिऱ्हाइकाला दिसतो तो दुकानाचा दर्शनी भाग. त्याच्या मागं एक खोली असते. तिथं बसून मालाचं नाव, फोटो, वर्णन, शिल्लक असं सगळं कोणीतरी भरत असतं. या मागच्या खोलीला आमच्यात ॲडमिन म्हणतात. एका ऑफिसात नोकरीला असताना असल्या खोल्या मी डझनावारी बांधल्या, पण त्यात रोज बसणारं माणूस कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. पाहिलं ते पहिलं माणूस म्हणजे चांगुणाकाकी. तिच्याआधी एखादं पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

किन्हवलीहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत तिचं गाव. तिथं बायकांचं एक मंडळ आहे. डोंगराकडच्या पाड्यांवरून येणारी नागली, वरी, उडीद, मध, हिरडा, तांदूळ असं सगळं गोळा करून ते विकतं. एका संस्थेनं मंडळाला गोदाम दिलं, पत्र्याची पिंपं दिली आणि वेबसाइट द्यायचं ठरवलं. ते काम माझ्याकडं आलं. संस्थेकडून देखरेखीला निनाद नावाचा एक ठाण्याचा माणूस होता. सज्जन, नीटनेटका, कायम घाईत, आणि दर दोन वाक्यांत ‘सिस्टीम’ म्हणणारा. गोदामाची किल्ली मात्र काकीकडं.

काकी तेव्हा पंचावन्नच्या पुढची असेल. ठेंगणी, काटक, सातवी पास. वाचताना अक्षराखाली बोट धरायची, मग तो कागद असो की लॅपटॉपचा पडदा. माझ्या पडद्यावर तिच्या बोटाचा डाग कायम असायचा. चष्मा लावायची, पण बघायची त्याच्यावरून. गोदामाची किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलेली. संध्याकाळी कुलूप लावण्याआधी ती एकेका पिंपाच्या झाकणावर तळवा ठेवत शेवटपर्यंत जायची, झोपलेल्या पोरांच्या अंगावर पांघरूण आहे ना ते बघावं तशी. कशाला म्हणून विचारलं तर म्हणायची, “काय नाय गो, सवय.”

पहिल्या दिवशी मी तिला माल भरायचा फॉर्म दाखवला. तिनं तो बोट फिरवत वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, “आनि कोनाच्या घरचं, ते कुठं लिवायचं?”

“ते लागत नाही काकी.”

“लागत कसं नाय? नागली काय आभाळातून पडली?”

“अगं, गिऱ्हाइकाला काय करायचंय कोणाच्या घरची ते?”

“गिऱ्हाइकाला नसंल. मला हाय. खडा निघाला तर मी कोनाला बोलू? आनि चांगली निघाली तर कोनाला जाऊन सांगू?”

दुसऱ्या दिवशी मी ‘कोणाच्या घरचं’ असा एक चौकोन वाढवला. इतक्या वर्षांत मला मिळालेली ती सगळ्यात शहाणी सूचना होती आणि तिच्यासाठी एकही मीटिंग झाली नाही.

वर्णनाचा चौकोन मात्र तिला मनापासून आवडला. मधापुढं तिनं लिहिलं, ‘यंदा कमी हाय. पुरवून खावा.’ उडदापुढं लिहिलं, ‘शिजायला वेळ घेतो. घाई आसल त्याने घेऊ नये.’ निनादनं हे वाचून कपाळावर हात मारला. त्याला ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘पारंपरिक’ असले शब्द हवे होते. पण सगळ्यात आधी खपला तो उडीद. त्या दिवशी काकीनं निनादला चहात साखर जास्त घालून दिली आणि माझ्याकडं बघून डोळे मिचकावले.

मोहाच्या फुलांचा हंगाम संपला तेव्हा मी तिला काढून टाकायचं लाल बटण शिकवायला गेले.

“पुसून टाकू?” ती म्हणाली. “पुढल्या साली येतील की ती.”

“तेव्हा नव्यानं भरायचं.”

“मंजे दर साली बारसं करायचं का? ह्यांना नुसतं निजवायचं काय नाय तुझ्याकडं?”

मग मी ‘विश्रांती’ नावाचं एक बटण करून दिलं. ते दाबलं की माल दुकानातून दिसेनासा व्हायचा, पण आत सगळं जागच्या जागी राहायचं. काकी हंगाम संपला की एकेकाला विश्रांतीत पाठवायची आणि “नीज बाये” असं खरोखर तोंडानं म्हणायची. लाल बटणाला तिनं कधी हात लावला नाही.

शून्याचं कोडं उलगडलं ते ती भात मोजत होती तेव्हा. पहिलं माप टाकताना ती ‘एक’ म्हणाली नाही, ‘लाभ’ म्हणाली. मग दोन, तीन, चार. तसं आमच्याकडंही म्हणतात, त्याचं काही नवल नव्हतं. पण माप पिंपाच्या तळाशी आलं तशी ती थांबली. आत दिसायला अजून ओंजळभर धान्य होतं. तिनं झाकण लावलं.

“ते राहिलं काकी.”

“ऱ्हाऊ दे. तळ खरवडायचा नसतो. रिकाम्या कनगीत परत कोन येतंय?”

तर गोदामातल्या प्रत्येक पिंपात तळाची ओंजळ होती आणि माझ्या ॲडमिनमध्ये त्या प्रत्येक ओंजळीचा एक किलो झाला होता. दुकान इमानदारीनं तो एक किलो विकायला मांडायचं, शहरातलं कोणीतरी तो घ्यायचं आणि मग काकी त्यांना स्वतः फोन लावायची. “संपली नाय वो. तळाची हाय. तळाची आमी देत नाय.” पलीकडचा माणूस चक्रावायचा. एक आजोबा तर फारच भांडले. काकी त्यांच्याशी बराच वेळ बोलली आणि शेवटी त्यांना वरीच्या जागी उडीद घ्यायला लावला. मी हसून हसून बेजार झाले. निनाद मात्र हसला नाही. परत गेलेल्या ऑर्डरी वाढल्या की संस्थेत त्याला बोलणी बसायची. त्यानं काकीला सिस्टीमवर लांबलचक व्याख्यान दिलं. ती ऐकत राहिली आणि मग उठून पाणी प्यायला गेली.

मीच तोडगा काढला. आजही आठवतं, कसल्या ऐटीत मी तो सांगितला. “काकी, मी एक नवीन चौकोन करते. राखीव. त्यात लिहिलेला माल कोणीच विकत घेऊ शकणार नाही.”

“कोनीच नाय?”

“कोणीच नाही.”

“साहेब पन नाय?”

“साहेबसुद्धा नाही.”

तिनं माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं. मग म्हणाली, “चल, तुला एक दाखवते.”

ओळीतल्या शेवटच्या पिंपाचं झाकण तिनं उघडलं. आत कडुनिंबाचा पाला, आणि पाल्याखाली भात. चिमूटभर दाणे तिनं माझ्या तळहातावर ठेवले. साधंच भात, फक्त प्रत्येक दाण्याचं टोक काळं, काजळाचं बोट लागावं तसं. त्याचं नावच काजळी. हळवं भात, डोंगराच्या कडेच्या उथळ खाचरात येणारं, पाऊस लवकर गेला तरी पदरात पडणारं. पूर्वी पंचक्रोशीत बाळंतिणीला पेज द्यायची ती काजळीचीच. मग जास्त उतरणारी विकतची बियाणी आली आणि एकेका घरातून काजळी गेली. उरली ती फक्त काकीच्या एका खाचरात. सासूनं तिच्या हातात दिली तेव्हापासून तिनं एकही साल पेरायची चुकवली नव्हती. यंदा उंदरांनी घरची कणगी फोडली, म्हणून बियाणं गोदामात आणून ठेवलं होतं.

“येवढंच हाय,” ती म्हणाली. “ह्याच्यातनंच पेरायचं आनि ह्याच्यातनंच परत ठेवायचं.”

“मग हे दुकानात कशाला भरतेस?”

“नाव असू दे गो. काजळी हाय, येवढं तरी कळू दे लोकांना. आनि आता तुझा राखीव हाय ना.”

काही दिवसांनी राखीवचा चौकोन झाला, तेव्हा तिनं आंघोळ करून, नवं लुगडं नेसून यावं अशा थाटात फॉर्म भरला. नाव, काजळी. वर्णन, ‘विकायची नाय. बियान्याची हाय.’ कोणाच्या घरचं, तिथं तिनं पहिल्यांदाच स्वतःचं नाव लिहिलं. शिल्लक बारा किलो. राखीव बारा किलो. सेव्हचं बटण दाबून ती लाजल्यासारखी हसली.

आता जे सांगायचं ते सांगितलंच पाहिजे. तो चौकोन नुसता चौकोन होता. त्यात आकडा लिहिता यायचा, आकडा साठवला जायचा, पण दर्शनी दुकान विक्री करताना तो आकडा बघतच नव्हतं. ते जोडायचं काम बाकी होतं. पुढच्या आठवड्यात करू म्हणून मी ठेवून दिलं होतं. मग दुसरं मोठं काम आलं आणि तो आठवडा काही उजाडला नाही. आमच्या धंद्यात असं सर्रास चालतं, पण ती काही सबब नाही. आणि काकीला मी ‘कोणीच नाही’ म्हणून सांगून बसले होते.

दुसरी गोष्टही माझीच. निनादच्या आग्रहावरून मी सगळ्या मालाचं वर्णन एकदम बदलायची सोय केली होती. त्यानं एके दिवशी ती वापरली. काकीची सगळी वर्णनं गेली आणि मधापासून काजळीपर्यंत सगळ्यांपुढं एकच गोडगोड ओळ आली, निसर्गाच्या कुशीतून थेट तुमच्या घरी.

वैशाखात काकीची मुलगी उंबरमाळीला बाळंत झाली. काकी सव्वा महिन्यासाठी तिकडं गेली. जाताना पेजेपुरता काजळीचा भरडलेला तांदूळ घरून नेला आणि किल्ली निनादच्या हातात दिली. त्यानंतर थोड्या दिवसांनी पुण्याच्या एका बाईंची ऑर्डर आली. काजळी, बारा किलो, सगळी.

मंडळातल्या बायका निनादला म्हणाल्या, “ती काकीची हाय. तिला इचारा.” त्यानं फोन लावला. उंबरमाळीच्या त्या डोंगरात फोन लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. मग त्यानं पडदा उघडून बायकांना दाखवलं. सिस्टीमनं ऑर्डर घेतली आहे, म्हणजे माल विकायचाच आहे. आजवर इतक्या ऑर्डरी परत गेल्या, ही तरी वेळेवर जाऊ दे, एवढाच त्याचा हिशेब. पिंप जीपमध्ये घालून त्यानं मुरबाडच्या गिरणीत नेलं, भात भरडून घेतलं, तांदूळ पिशव्यांत भरून पाठवून दिला. भरडल्यावर वजन घटलं, त्याबद्दल त्या बाईंची माफीसुद्धा मागितली. आणि नीटनेटका माणूस तो. पिंप धुऊन, वाळायला म्हणून उपडं घालून ठेवलं.

रोहिणी लागायच्या तोंडावर काकी परत आली. त्या दिवशी मी लेबलं छापायचं यंत्र बसवायला गोदामात गेले होते. निनादही होता. काकीनं येताना बाळंतिणीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांतले चार आम्हाला आणले होते. ते टेबलावर ठेवून ती पिंपांच्या ओळीकडं वळली. एकेका झाकणावर तळवा ठेवत शेवटाला आली आणि थांबली. उपडं पिंप तिनं स्वतः सुलटं केलं, वाकली, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि तळ चाचपला. एकदा, मग परत एकदा.

“तळाची पन?” तिनं विचारलं.

निनाद समजावू लागला. ऑर्डर, सिस्टीम, लागला नाही तो फोन. ती त्याच्याकडं बघत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती.

“तू म्हनलीस ना, कोनीच नाय?”

“काकी, तो चौकोन नुसता काढला होता. आतून जोडला नव्हता.”

तिला ते समजून घ्यायचं होतं, माझ्यावर चिडायच्या आधी समजून घ्यायचं होतं, आणि हेच मला सहन होईना. शेवटी म्हणाली, “मंजे लिवलेलं व्हतं. पन आयकत कोनी नव्हतं.”

चिडली ती नाहीच. चिडली असती तर मला कुठंतरी तोंड लपवायला जागा झाली असती.

त्याच दिवशी घरी येऊन मी तो चौकोन जोडला. वीस मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मुरबाडला गिरणीत गेलो. गिरणीमागं तुसाचा ढीग होता, गावोगावच्या भाताचा, काजळीच्या वर किती जणांचा पडला होता देव जाणे. काकी पदर खोचून खाली बसली आणि तूस पाखडू लागली. न भरडलेला, काळ्या टोकाचा दाणा शोधत. मीही बसले. गिरणीवाला आधी हसला, मग त्यानं आतून आम्हाला एक सूप आणून दिलं. शेवटच्या जीपची वेळ होईपर्यंत सतरा दाणे मिळाले. काकीनं ते पदराच्या टोकाला बांधले.

पुण्याच्या बाईंना मी फोन केला. फार चांगल्या होत्या. तांदूळ शेजारीपाजारी वाटला, सगळ्यांना आवडला, म्हणाल्या. उरलेला दोन किलो त्यांनी लगेच परत पाठवला. शुभ्र, स्वच्छ तांदूळ. टोकाचं काजळ टरफलाबरोबर गेलेलं. काकीनं तो हातात घेऊन बघितला आणि मंडळातल्या बायकांना वाटून टाकला. त्यानंतर ती डोंगराकडच्या पाड्यांवर फिरली. घराघरात विचारलं. म्हाताऱ्या माणसांना नाव आठवत होतं, चवही आठवत होती, दाणा कोणाकडंच नव्हता.

सतरा दाणे तिनं अंगणात एका फुटक्या घमेल्यात पेरले. गिरणीच्या यंत्रातून गेलेल्या दाण्याला आतून तडा जातो, तो उगवत नाही. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तिनंच मला पुढं कधीतरी सांगितलं. तरी पावसाची झड येऊन सगळं अंगण ओलं होईपर्यंत ती त्या घमेल्यात रोज तांब्याभर पाणी घालत होती. घमेल्यात गवत आलं. नंतर तेही तिनं उपटलं नाही.

डोंगराच्या कडेचं ते खाचर त्या साली पड राहिलं. दुसऱ्यांचं बियाणं घालावं म्हणून घरच्यांनी सांगून बघितलं. ती नको म्हणाली आणि विषय संपवला. गोदामात यायची, माल भरायची, पण शिल्लक संपली की आता सरळ शून्य लिहायची. पाणी प्यायला उठायची नाही. निनादला ही सुधारणा वाटली. तसं तो मला बोलूनही दाखवायचा, आणि मी मान हलवायचे. त्याचा मला राग येत नाही. राग यायला माणूस आपल्याहून वाईट असावा लागतो.

भातं कापून झाली, त्या सुमाराला तिनं मला निरोप धाडून बोलावून घेतलं. गेले तर ती लॅपटॉप उघडून बसली होती.

“काजळी काढ,” म्हणाली.

मी ती नोंद पडद्यावर काढली. नाव, फोटो, तिचं नाव, निनादची ती गोड ओळ, आणि शिल्लक शून्य.

“ह्ये पुसायचं. लाल बटन कुठं हाय?”

“विश्रांतीत ठेवू या ना काकी.”

“जी उठनार हाय तिला निजवतात गो.”

मी बटण दाखवलं. तिनं ते स्वतः दाबलं. पडद्यावर माझं वाक्य आलं. पहिल्या महिन्यात, काहीही विचार न करता मी ते लिहिलं होतं. काकीनं अक्षराखाली बोट धरून मोठ्यानं वाचलं, “खात्री आहे का? हे परत आणता येणार नाही.”

वाचून झाल्यावर विचारलं, “कोनी लिवलं ह्ये?”

“मी.”

“बरोबर लिवलंस,” ती म्हणाली आणि ‘हो’वर बोट ठेवलं.

खरं म्हणजे माझ्या बांधणीत लाल बटणानं काही पुसलं जात नाही, नुसतं नजरेआड होतं. काजळीची नोंद आजही आत तशीच आहे, काकीच्या नावासकट, बारा किलो राखीवसकट. आता ती चोख जोडलेली आहे. आता त्या बारा किलोला खरंच कोणी हात लावू शकत नाही. हे मी तिला सांगितलं नाही. सांगून काय करायचं होतं?

गळ्यातली किल्ली काढून तिनं टेबलावर ठेवली. उंबरमाळीला मुलीकडं जाते, म्हणाली, नातवाला बघायला कोणी नाही. मग सवयीनं पिंपांच्या ओळीवरून तळवा ठेवत गेली. शेवटच्या पिंपाशी हात वर उचललेलाच राहिला. तिनं तो खाली ठेवला नाही, मागं घेतला आणि पदराला पुसला.

मी दारात उभी राहिले. समोर रस्त्यावर किन्हवलीची जीप उभी होती, पण अजून भरायची होती. काकी मागच्या बाकावर जाऊन बसली, माझ्याकडं पाठ करून. बराच वेळ कोणी उतारू आला नाही. एवढ्या वेळात मला तिथंपर्यंत जाता आलं असतं, काहीतरी बोलता आलं असतं. मी गेले नाही. जीप भरली आणि सुटली.